छागलीला पाणी पाजणारे लिंबाजीतात्या

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. बीड शहराच्या मधोमध असलेलं इतिहास संग्रहालय.

हजर: मी, म्हणजे सुलभा, कॉलनीच्या मंडळाची सचिव, आमचे हे, शिंदेवहिनी, जोगदंड सर आणि त्यांच्या सौ. गैरहजर: अकरा. पैकी सात जणांनी कळवलं होतं, चौघांनी कळवायचीही तसदी घेतली नाही. त्यांची नावं माझ्या वहीत आहेत. यादीत नाव नसताना हजर: लिंबाजीतात्या.

या शेवटच्या नोंदीचा खुलासा करायला हवा. आदल्या आठवड्यात मी वही घेऊन घरोघर फिरले होते. तात्या आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहतात. त्यांना विचारलं, "तात्या, रविवारी संग्रहालय बघायला जायचंय, येता का?"

तात्या म्हणाले, "न्हाई जमायचं, बाई. रव्वारी मला पाणी पाजायचं असतंय."

मला वाटलं, कुणाची तरी म्हैस सांभाळत असतील. मी वहीत लिहिलं: नकार, कारण पाणी.

आणि रविवारी आम्ही पाचजण संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात शिरलो, तर तात्या दोरीच्या आत उभे. पांढरं धोतर, टोपी, काखेत पिशवी. समोर लाकडी खुंटीवर टांगलेली एक जुनी चामडी पिशवी. पिशवीच्या अरुंद तोंडात तात्यांनी छोटं नरसाळं खोचलं होतं आणि बाटलीतून बेताबेताने पाणी ओतत होते. खाली बादली घेऊन संग्रहालयाचे पहारेकरी सलीमभाई उकिडवे बसले होते आणि दर अर्ध्या मिनिटाला दाराकडे बघत होते.

"जल्दी निपटाव तात्या, पब्लिक आ गई!"

"आली तर आली. तिला आवंढा तरी गिळू द्या."

शिंदेवहिनी माझ्या कानात कुजबुजल्या, "अहो, हे संग्रहालयाच्या वस्तूला पाणी पाजतायत!"

मी वही उघडली आणि नकाराच्या खाली लिहिलं: कारण खरं निघालं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती पिशवी म्हणजे छागल. प्रवासात पाणी न्यायची चामड्याची पिशवी. चामड्यातून पाणी बाहेर किंचित पाझरतं, वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. बीडच्या छागली एकेकाळी लांबलांबपर्यंत जायच्या. तात्यांचं सगळं आयुष्य त्या शिवण्यात गेलं. घर नांदूरघाटला, पण धंदा मांजरसुंब्याच्या चौकात. ढाब्यांच्या रांगेत बाभळीखाली आरी आणि दोरा घेऊन बसायचे. ट्रकवाले थांबायचे, जेवायचे, आणि जाताना एक छागल घेऊन ट्रकच्या दाराबाहेर लटकवायचे. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि ट्रकवाले जेवून नुसतेच जायला लागले.

तेव्हापासून तात्यांचं प्लास्टिकच्या बाटलीशी वैर आहे. छागलीसाठी पाणीसुद्धा ते काचेच्या बाटलीतून नेतात. त्यांचं म्हणणं एकच: "पाणी दमतं, बाई." बाटलीत कोंडलं की दमतं, टँकरमध्ये हिंदकळलं की दमतं, फ्रिजमध्ये ठेवलं की अगदीच गळून जातं. फ्रिजला ते कपाट म्हणतात. कुणी गार पाणी पुढे केलं की विचारतात, "कपाटातलं का माठातलं?" कपाटातलं असेल तर थोडा वेळ तांब्या समोर ठेवून बसतात. पाण्याला विसावा देतात म्हणे.

जोगदंड सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. एकदा त्यांनी तात्यांची परीक्षा घ्यायची ठरवलं. तीन सारखे पेले. पहिल्यात त्यांच्या घरच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात लिंबागणेशच्या एका विहिरीचं मुद्दाम आणलेलं, तिसऱ्यात विकतच्या बाटलीतलं. साक्षीदार म्हणून मी होतेच. तात्यांनी पहिला घोट घेतला. "हे सर, तुमच्याच अंगणातलं. जरा खारट हाय, तुमच्यावानी." दुसरा घोट. "हे लिंबागणेसाकडलं. गोड हाय." तिसरा घोट घेऊन त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला.

"काय तात्या, अडलं का?" सर खूश झाले.

"अडलं न्हाई. हे कुठलंच न्हाई."

तेव्हापासून सरांनी परीक्षा घेणं सोडलंय.

तर त्या रविवारी मी तात्यांना दोरीबाहेर घेतलं आणि बाकावर बसवून रीतसर चौकशी केली. कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाने जुन्या वस्तू मागवल्या होत्या. तात्यांनी ही छागल नेऊन दिली. आणि तेव्हापासून एकही रविवार चुकवलेला नाही. "रिकामी ठिवली की वाळती. वाळली की तडकती. मंग काय, कातडं आन् कागुद सारखंच." म्हणून दर रविवारी अर्धी बाटली पाणी, पाव तास मुरवायचं, मग बादलीत उतरवून घ्यायचं. महिन्यातून एकदा तेलाचा हात.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. पण तात्यांची वागणूक नुसती देखभाल करणाऱ्याची नव्हती. ते तिथे सरळसरळ व्याही म्हणून वावरत होते.

"हिला हितं दिलीय ना आमी," ते मला म्हणाले, "मंग बगायला नको का, नांदती का न्हाई?"

आणि बघायचे म्हणजे कसे! चौथऱ्यावरून बोट फिरवून धूळ तपासायची आणि ते बोट काही न बोलता सलीमभाईंच्या नाकासमोर धरायचं. खिडकीतून ऊन येतं का, कोणत्या वेळी येतं, पडदा कोण ओढतं. संक्रांतीला तिळगुळाचा डबा, एक सलीमभाईंना आणि एक संग्रहालयाच्या प्रमुख कल्याणकर मॅडमना. शेजारपाजाराचीही चौकशी झालेली होती. छागलीच्या डाव्या हाताला गंजलेली तलवार होती. "हा शेजार मला पसंत न्हाई. भांडकुदळ दिसतोय." उजव्या हाताला अक्षरं कोरलेला दगड. "हे बरं हाय. शिकलेलं हाय, गप असतंय."

दालनाच्या दाराशी थंड पाण्याचं यंत्र आहे. आमच्या ह्यांनी तात्यांसाठी पेला भरून आणला. तात्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"हितलं नको. लेकीच्या घरचं पाणी पेत नसत्यात."

"पण तात्या, ती रीत लेकीला मूल होईपर्यंतच असते ना?" जोगदंड सरांनी संधी साधली. "मग छागलीला पोर कधी व्हायचं?"

सगळे हसले. तात्याही हसले, आणि म्हणाले, "व्हईल तवा पेढे पैले तुमाला, सर. तवर बोअरचं प्या."

हसण्याच्या भरात त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीही विनोदासारखीच. त्यांच्या लहानपणी गावात त्यांच्या घरचं पाणी बरेच लोक पीत नसत. चामड्याचं काम करणारं घर. "पर आमीच शिवलेल्या छागलीतलं पाणी तेच लोक घटाघटा पेत. मी बापाला इचारलं, असं कावून? बाप म्हणला, वाटंनं दुसरं भेटत न्हाई म्हणून." शिंदेवहिनी हसता हसता मध्येच थांबल्या. तात्या मात्र उठून छागलीचं बूच घट्ट बसलंय का ते बघायला गेले.

मी त्यांच्या मागे गेले, आणि तेव्हा मला ती पाटी दिसली. छोटी, पितळी, चार स्क्रूंनी बसवलेली. "छागल. चामडी पाणपिशवी. स्थानिक बनावट. प्राप्ती: भेट. कारागीर: अज्ञात."

मी पाटीकडे बघितलं. मग तात्यांकडे बघितलं. ते अंगठ्याने शिवण चाचपत होते. टाका न् टाका, वरून खाली, न बघता, आपल्या सदऱ्याची बटणं लावतो तसं.

"तात्या, ही तुम्हीच शिवलेली ना?"

"मला काय ठाव?" तात्या म्हणाले. "लई जण शिवायचे."

"पण दिली तुम्हीच ना?"

"देणाऱ्याचं काय इचारायचं, बाई. चला, दालन बगा. पुढं नाणी हायत."

इथे माझी चूक झाली. ती मी लपवत नाही, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. मला वाटलं, तात्यांचा संकोच आहे, आणि संग्रहालयाचा हलगर्जीपणा. संकोच आणि हलगर्जीपणा या दोन्हींवर माझ्याकडे एकच इलाज असतो: अर्ज.

सोमवारी सकाळी अर्ज तयार होता. मुद्दे पाच. एक, सदर छागल श्री. लिंबाजी यांनी स्वतः तयार केली आहे. दोन, ते कॉलनीत वास्तव्यास आहेत. तीन, त्यांची हस्तकला पाहिलेले साक्षीदार उपलब्ध आहेत. चार, पाटीवर नाव नसणे अन्यायाचे आहे. पाच, दुरुस्तीची पाटी बसवताना छोटा समारंभ व्हावा, वर्तमानपत्रांना कळवावे. खाली तेवीस सह्या. सह्या मी एका संध्याकाळी मिळवल्या. ज्या चौघांनी न कळवता दांडी मारली होती, त्यांच्या आधी घेतल्या. त्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं.

कल्याणकर मॅडम तरुण आहेत, उत्साही आहेत. अर्ज वाचून म्हणाल्या, "ताई, पाटीचा मजकूर आमच्या आधीच्या साहेबांनी ठरवला होता. मला कल्पनाच नव्हती. अहो, शिवणारा माणूस दर रविवारी आमच्याकडे येतो आणि आम्ही अज्ञात लिहून बसलोय! पंधरा दिवसांत नवी पाटी करू. छायाचित्रही घेऊ त्यांचं." मी वहीतल्या 'पाटी दुरुस्ती' या ओळीवर आनंदाने रेघ मारली.

मंगळवारी संध्याकाळी तात्या आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. बसा म्हटलं तर बसले नाहीत. माठातलं पाणी देऊ केलं, तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, अर्ज मागं घ्या."

"अहो, पण का? तुमचं काम, तुमचं नाव…"

"माज्या नावाचं तुमाला काय पडलंय?" तात्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "मीच सांगितलतं त्या सायबाला, नाव लिवू नका म्हणून. नाव लागलं तर मी तिकडं पाऊल ठिवणार न्हाई. बास."

आणि गेले. मी दारात वही घेऊन उभी. आमचे हे आतून म्हणाले, "विचारलं होतंस का त्यांना आधी?" मी वही उघडून बघितली. पाच मुद्द्यांत तो मुद्दा नव्हता.

पुढचा रविवार तात्या संग्रहालयात गेले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. ही बातमी मला सलीमभाईंच्या फोनवरून कळली.

"ताई, तात्या कायकू नै आते? छागल कडक होरी. मैं डाला पानी, तो सब नीचे से गया. मेरी पँट भीगी, फरशी भीगी, मॅडम बोले ये क्या है. वो किसी और के हाथ से पीतीच नै!"

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तात्यांच्या खोलीवर गेले. वही घरी ठेवून. तात्या उंबऱ्यात बसले होते. मी न विचारता समोरच्या पायरीवर बसले.

"तात्या, चुकलं माझं. अर्ज मी मागे घेते. पण छागल वाळतेय. सलीमभाईंनी पाणी घातलं, सगळं खालून गेलं."

तात्यांनी मान वर केली. "तळातून का बगलंतून?"

"ते मला नाही विचारलं."

"तळातून असंल. तिथं मी दुहेरी टाका घातलाय, तो वाळला की सैल पडतोय." शिवणारा कोण, हे त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, गल्लीतल्या नळाकडे बघत.

तात्यांना एक मुलगी आहे, रुक्मिणी. शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथेच लग्न जमवलं. माणसं चांगली, घर मोठं. तेव्हा धंदा बंद पडून पाच-सहा वर्षं झाली होती, तरी लग्न ठरल्यावर तात्यांनी आरी बाहेर काढली. तरवडाच्या सालीत कमावलेलं शेवटचं कातडं होतं, ते काढलं. दोन महिने एकच छागल शिवत बसले. "बस लांबची. वाटंत तिला पाणी लागंल. इकतचं पाणी लई दमलेलं असतंय."

लग्नानंतर निघताना रुक्मिणीने ती छागल हातात घेतली, पाहिली, आणि खुर्चीवर परत ठेवली. म्हणाली, बाबा, ही नको. तिने सासरी सांगितलं होतं, वडिलांचं मांजरसुंब्याला दुकान होतं म्हणून. कसलं दुकान, ते सांगितलं नव्हतं.

"खोटं न्हाई सांगितलं तिनं," तात्या घाईने म्हणाले. "दुकानच होतं की. बाबळीखाली होतं, एवढंच."

बस सुटली आणि छागल खुर्चीवर राहिली. तात्यांनी ती घरी आणली आणि खुंटीला टांगली. दर रविवारी पाणी घातलं. वर्षामागून वर्षं. रुक्मिणी सणाला फोन करायची, अजूनही करते. ख्यालीखुशाली विचारते. ये म्हणत नाही, आणि येते असंही म्हणत नाही. "तिच्या घरचं पाणी मी अजून पेलो न्हाई, बाई. रीत म्हणून न्हाई. कुणी दिलंच न्हाई."

मग संग्रहालयाने वस्तू मागवल्या. "मला वाटलं, हिला तरी चांगलं घर भेटू दे. काच हाय, लाईट हाय. चार शिकलेली माणसं येत्यात, थांबून बगत्यात. कुणाला लाज वाटत न्हाई. पर नाव लावलं, फोटू पेपरात आला, तर ते आता लगीच मोबाईलमधी पुण्याला जातंय. सासरची माणसं बगत्याल. पोरीला खाली बगायची पाळी येईल. तेवढं नगं."

मला बोलायला पुष्कळ काही सुचत होतं. मी एकच बोलले. "तात्या, रुक्मिणीचं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"नऊ."

"नऊ वर्षांपूर्वी ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल. आज तिला काय वाटतं, ते तुम्ही तिला विचारलंय?"

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तुमी तरी मला कुठं इचारलं होतं?"

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी उठले. जाताना एवढंच म्हटलं, "अर्ज आजच मागे घेते. पण रविवारी चला. त्या पोरीशी नाही, तर निदान या पोरीशी तरी अबोला नको."

रविवारी तात्या आले. मीही गेले, पण पाच पावलं मागे राहिले. सलीमभाईंनी बादली आधीच ठेवली होती. तात्यांनी छागल खुंटीवरून उतरवली, मांडीवर घेतली, तळ दाबून पाहिला, आणि तिथल्या तिथे पाण्याचा हात फिरवत बसले. "कडक झाली गं. उपाशी ठिवलं तुला." अर्धा तास गेला. मग परत खुंटीवर टांगून पाणी घातलं. एक थेंबही खाली पडला नाही. सलीमभाईंनी आपल्या कोरड्या पँटकडे बघून सुस्कारा सोडला.

मग तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर एक नंबर होता. "सलीमभाई, हे लावून द्या. माज्या फोनमधी आवाज नीट येत न्हाई. दोन शब्द बोलायचेत."

सलीमभाईंनी नंबर लावला. पण नातवंडांशी बोलून बोलून त्यांच्या अंगठ्याला चित्राचाच फोन लावायची सवय. पलीकडे घंटी वाजली आणि पडद्यावर एक बाई दिसली. मागे स्वयंपाकघर, ओट्यावर कुकर.

"बाबा? हा कुणाचा नंबर? बरे आहात ना?" आणि मग, "हे कुठे आहात तुम्ही?"

तात्या दचकले. फोन तोंडासमोर धरायचा की कानाला, हे त्यांना कळेना. त्या गडबडीत फोन वळला आणि पुण्याच्या त्या स्वयंपाकघरात छागल दिसली. काचेच्या कपाटांच्या मधोमध, वरून दिवा, खुंटीवर, ओली, काळीभोर.

तात्या हलक्या आवाजात म्हणाले, "काय न्हाई. असंच. पाणी घालत होतो. ठिवतो."

"ठेवू नका," रुक्मिणी म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मागून एका वयस्क बाईचा आवाज आला. "कोण आहे गं? काय दाखवतायत?"

तात्या फोन खाली करणार, इतक्यात मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. एवढाच हस्तक्षेप मी केला, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

"माझे बाबा आहेत," पलीकडून रुक्मिणीचा आवाज आला. "ती छागल आहे, आई. पाण्याची. बाबांनी शिवलीय. बाबा चामड्याचं काम करायचे. मांजरसुंब्याला बसायचे. ही त्यांनी माझ्या लग्नात मला दिली होती. मीच नेली नाही."

कुकरची शिट्टी झाली. मग पडद्यावर चष्म्यातला एक मोठा डोळा आला. सासूबाई फोन अगदी जवळ घेऊन बघत होत्या.

"अगंबाई! केवढी बारीक शिवण आहे. हाताची आहे का हो ही?"

"हाताचीच," तात्या म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, "हाताचीच हाय. मशीनला जमायची न्हाई."

"आणि पाणी गार राहतं यात?"

हा प्रश्न तात्यांना गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुणी विचारला नसावा. त्यांनी बाकावर बैठक मारली. कातडं कसं निवडायचं, तरवडाची साल किती दिवस भिजवायची, टाका किती अंतरावर, वारा कुठून लागला पाहिजे, फ्रिजमध्ये पाणी का दमतं, सगळं. पुण्याच्या सासूबाई मधे मधे "हो का!" म्हणत होत्या. रुक्मिणी त्यांच्या खांद्यावरून बघत होती आणि पदराने चेहरा पुसत होती. सलीमभाई फोनची बॅटरी बघत होते. सतरा टक्के उरली तेव्हा त्यांनी मला खूण केली.

शेवटी रुक्मिणी म्हणाली, "बाबा, खाली पाटीवर काय लिहिलंय?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर तिथे वाव होता. त्यांनी वाचून दाखवलं, अडखळत, एकेक अक्षर. "कारागीर: अज्ञात."

"ते बदला," ती म्हणाली. "पण मी आल्याशिवाय नका बदलू. मी स्वतः लावणार. आम्ही येऊ, सगळे."

त्या दिवशी आम्ही रिक्षाने परत निघालो. कॉलनीच्या वळणावर तात्या म्हणाले, "तुमचा तो अर्ज. मागं घेतला का खरंच?"

"घेतला."

"मंग आता परत करा. या बारीला म्या सांगितलं म्हणून करा. आन् लिवताना तिचंबी लिवा. 'मुलगी रुक्मिणीसाठी' असं."

अर्ज केला. या वेळी मुद्दा एकच आणि सही एकच, तात्यांची. कल्याणकर मॅडमनी पाटी लगेच करून दिली. पितळी, मजकूर तीन ओळी, शुद्धलेखन मी दोनदा तपासलं. ती पाटी सध्या माझ्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून आहे. तात्या दर तीन-चार दिवसांनी येऊन बघून जातात. पुसतात, परत गुंडाळतात. रुक्मिणीचा फोन आता रविवारी येतो, सलीमभाईंच्या नंबरवर. सासूबाई दोनदा बोलल्या. सुट्टी मिळाली की निघू म्हणतायत. एकदा आरक्षण झालं होतं, पण घरात कुणीतरी आजारी पडलं आणि बेत पुढे गेला. तात्या म्हणाले, "येतील. नऊ वर्सं गेली, आणखी थोडं."

माझ्या वहीत या विषयाचं एकच काम बाकी आहे. जुनी पाटी काढणे, नवी बसवणे. चार स्क्रू आहेत. लागणारा स्क्रूड्रायव्हर मी पर्समध्ये ठेवलाय. तारखेची जागा रिकामी आहे.